पाठ पाचवा : माझं निधन

पाठ्यपुस्तक शेगडीत घालायचं, एवढाच काय तो निर्णय मी घेतला होता. पुढचं सगळं आपोआप झालं.

परदेशी लोकांना स्लोव्हाक शिकवणारं ते पुस्तक होतं. पहिल्याच पानावर एक गृहस्थ दुसऱ्याला विचारतो, "स्टेशन कुठे आहे?" आमच्या होर्ने कृच्की गावाला स्टेशन नाही. दुसऱ्या पाठात तोच गृहस्थ संत्र्याचा रस मागवतो. आमच्या गुत्त्यात नोव्हेंबरमध्ये कुणी संत्र्याचा रस मागितला, तर ईस्टरपर्यंत त्याचीच चर्चा चालेल. भाषा जिवंत माणसांच्या तोंडून शिकावी, अशी माझी भूमिका आहे. (मी ब्रातिस्लाव्हाला शिक्षणशास्त्रात एम. ए. केलं. तेव्हापासून मला प्रत्येक गोष्टीवर भूमिका आहे.) म्हणून पुस्तक शेगडीत गेलं. छान पेटलं. त्या आठवड्यात आमच्या घरात ऊब आली ती तेवढीच.

माझी बायको एव्हांथिया ग्रीक आहे. थेस्सालोनिकीच्या किनाऱ्यावर प्लास्टिक गोळा करण्याच्या शिबिरात आमची ओळख झाली. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, घरी बसून. जूनमध्ये ती माझ्या गावी आली तेव्हा डोंगर हिरवे होते. मग नोव्हेंबर लागला. धुकं एकदा खाली उतरलं ते उतरलंच. मंगळवारी वीस मिनिटं सूर्य दिसला, तेव्हा ती खिडकीशी धावली आणि तो जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

त्याच मंगळवारी तिनं फ्रिजच्या दारावर एक तिकीट लावलं. शनिवार सकाळचं, थेस्सालोनिकीचं. जाण्याचं होतं, येण्याचं नव्हतं.

ती ओरडली असती तर मी घाबरलो नसतो. ग्रीक लोक कोशिंबिरीवरूनही ओरडतात. पण ती अगदी हळू बोलली.

"पाच महिन्यांत माझ्याशी कोण बोललं, सांग. दुकानातली बाई विचारते, पिशवी हवी का. मी म्हणते, नको. एवढंच माझं बोलणं. मी इथे पिशवी नाकारायला आलेय का?"

"आमची माणसं तशीच आहेत," मी म्हणालो. "त्यांच्या कानावर एकदा त्यांच्या भाषेतलं नीट वाक्य पडू दे. आपणहून दाराशी येतील."

"एक वाक्य?"

"एकच. पण चांगलं."

"आणि नाही आले तर?"

मी तिकिटाकडे बघितलं. तीही तिकडेच बघत होती.

हाताशी चार दिवस होते. मी कामाला लागलो. कागदाच्या दीडशे चिठ्ठ्या कापल्या आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं स्लोव्हाक नाव चिकटवलं. टेबलावर ‘स्तुओल’, खुर्चीवर ‘स्तोलिच्का’, आरशावर, घड्याळावर, बादलीवर. तिकिटावरसुद्धा ‘लीस्तोक’ अशी चिठ्ठी लावली. (मला वाटलं होतं, विनोद होईल. झाला नाही.)

खरी अडचण उच्चारांची. तिच्या जिभेला श, च येत नाहीत. सगळ्याचा स होतो. शिवाय आमच्या भाषेत जोर कायम पहिल्या अक्षरावर, आणि तिचा जोर फुलपाखरासारखा हवा तिथे बसतो. पण तिला सगळ्यात जास्त त्रास दिला तो आमच्या बिनस्वरांच्या शब्दांनी. लांडगा म्हणजे व्ल्क. मान म्हणजे क्र्क. मरण म्हणजे स्म्र्त्य.

"ज्याची भीती वाटते, त्यातले स्वर तुम्ही काढून टाकता का?" तिनं विचारलं.

असं मला कधी सुचलं नव्हतं. मी तिला गुरुवारला काय म्हणतात ते सांगितलं : श्त्व्र्तोक. ती तीनदा अडखळली आणि कोचावर जाऊन आडवी पडली.

तिला एकच शब्द मनापासून आवडला. लांपा. म्हणजे दिवा. "यात बघ, दोन ‘आ’ आहेत. श्वास घेता येतो."

हा शब्द मी तिच्या प्रेमापोटी जिथे जिथे दिवा असेल तिथे तिथे लावला. घरात तर लावलाच, ग्रामपंचायतीच्या कचेरीतही लावला. इथेच माझा घात झाला.

मी त्या कचेरीत कारकून आहे. आमच्या गावात खांबाखांबांवर भोंगे आहेत. रोज सकाळी दहा वाजता मी माइकवरून गावाला बातम्या सांगतो. आधी गाणं लावायचं, मग बातमी. कोंबड्या विकायला आल्या तर पोल्का, म्हणजे नाचाचं गाणं, अग्निशमन दलाची बैठक असेल तर कवायतीचं गाणं. आणि कुणी गेलं असेल तर एक संथ, खालच्या पट्टीतलं गाणं. त्याचा पहिला सूर ऐकला की गावातल्या बायका हातातली सुरी बाजूला ठेवतात, पुरुष टोपी काढतात, आणि मग सगळे नावाची वाट बघतात.

मी या माइकचा उपयोग गाव सुधारण्यासाठीही करतो. ओला कचरा, सुका कचरा, सायकलींचा रस्ता, कंपोस्टचा खड्डा. कंपोस्टच्या खड्ड्यासाठी तर मी तीन वर्षं भांडतोय. गेल्या महिन्यात ‘आपल्या गावाचं भविष्य’ अशी सभा ठेवली होती. मी, एव्हांथिया आणि थडगी खणणारे इमरिख काका एवढे आलो. सभेनंतर सॉसेज आहेत, असा काकांचा समज झाला होता.

गुरुवारी सकाळी पाण्याच्या मीटरची बातमी वाचून झाल्यावर मी एव्हांथियाला कचेरीत बोलावलं. यंत्राला दोन बटणं आहेत. एकानं यंत्र चालू होतं आणि हेडफोनमध्ये आपला आवाज ऐकू येतो. दुसऱ्यानं तोच आवाज बाहेर भोंग्यांवर जातो. बाहेरचं चालू असलं की लाल दिवा लागतो. माझी युक्ती अशी की बाहेरचं बटण बंद ठेवायचं आणि तिनं हेडफोन लावून स्वतःचे उच्चार स्वतः ऐकायचे. जगातल्या कुठल्याही विद्यापीठाला हे सुचलेलं नाही.

वाचायला मी तिला जिवंत मजकूर दिला, म्हणजे निधनाच्या बातम्यांची फाईल. (हसू नका. त्या फाईलइतकं स्वच्छ स्लोव्हाक आमच्या गावात कुठेही लिहिलेलं नाही.) कोरा नमुनाच होता : "अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की आपले ग्रामस्थ अमुक अमुक, राहणार घर क्रमांक अमुक, वय वर्षे इतकी, आपल्याला कायमचे सोडून गेले."

"मोकळ्या जागांत काय म्हणू?" तिनं विचारलं.

"तुला येणारे शब्द घाल."

"अर्थ काय याचा?"

"अर्थ नंतर. आधी उच्चार. दहा वेळा म्हण, चुकलं तरी थांबायचं नाही."

"आधी गाणं लावू, तू लावतोस तसं?"

"लाव की. लय कळेल."

आणि मी दहा-वीसची बस पकडून जिल्ह्याच्या गावी गेलो. तिथल्या दुकानात ऑलिव्ह मिळतात. शनिवारच्या आत तिला तिच्या घरचं काहीतरी खायला घालावं, असं माझ्या मनात होतं. माणूस हरायला लागला की ऑलिव्ह आणतो.

दुपारी एकच्या बसनं परत आलो. धुक्यात कचेरीवर काळा झेंडा दिसला. चर्चची लहान घंटा वाजत होती. माझं पहिलं दुःख हे की गावात कुणी गेलं, ती बातमी द्यायचं काम माझं, आणि मलाच कुणी कळवलं नाही. या गावात कामाची काही शिस्तच नाही.

दफनभूमीकडून इमरिख काका येत होते, खांद्यावर फावडं. मला बघून ते थांबले. फावडं खाली ठेवलं, तोंडातली सिगारेट काढली.

"मास्तर." (एम. ए. झाल्यापासून गाव मला असंच म्हणतं.)

"कोण गेलं, काका?"

"तू."

"केव्हा?"

"साडेदहा ते अकराच्या दरम्यान. अकरा वेळा."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोनं. भोंग्यावरून. काय धीराची बाई आहे रे. पहिल्या खेपेला काही कळलं नाही, बायका म्हणाल्या, बिचारीला हुंदके आवरत नाहीत. चौथ्या खेपेला नाव लागलं. सहाव्याला घराचा नंबर. मध्ये एकदा थांबून तिच्या भाषेत प्रार्थनापण केली, जरा जोरातच. नवव्या खेपेला तर असं स्पष्ट आलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

(ती प्रार्थना नव्हती. ‘वर्षे’ या शब्दापाशी ती नेहमी अडते, आणि अडली की काय म्हणते ते मला ठाऊक आहे.)

मला सगळं लख्ख दिसलं. पाण्याच्या मीटरनंतर मी बाहेरचं बटण बंदच केलं नव्हतं. लाल दिवा पेटून मला सांगत असणार. पण त्याच्यावर मी स्वतःच्या हातानं चिठ्ठी डकवली होती : लांपा. आणि येणारे शब्द म्हणजे तिला कुठले येणार? परदेशी लोकांच्या नोंदणीच्या कचेरीत पाच महिने तिच्याकडून घोकून घेतलेलं नवऱ्याचं नाव, घर क्रमांक आणि वय.

"काका, मी जिवंत आहे."

"ते दिसतंय मला. पण खड्डा झाला ना अर्धा. वरचा थर कसला कडक होता." त्यांनी फावडं उचललं. "आधी सांगायचंस."

मी घराकडे पळालो. दार उघडणार, तेवढ्यात आतून आवाज आले, म्हणून मी बागेतून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो.

आत गावातल्या दहाबारा बायका बसल्या होत्या. टेबलावर खसखशीचे केक, सफरचंदाचे रोल, कोबीच्या सूपचं मोठं पातेलं. आरशावर चादर टाकली होती. घड्याळ थांबवलं होतं, आमच्याकडे मयताच्या घरी करतात तसं. आणि सगळ्यांच्या मध्ये एव्हांथिया, तिच्या नेहमीच्या काळ्या स्वेटरमध्ये. (थेस्सालोनिकीत ती फॅशन आहे.) तिचा चेहरा मी जूननंतर असा बघितला नव्हता. गाल लाल झाले होते. ती कपात कॉफी ओतत होती आणि प्रत्येकीला म्हणत होती, "बसा, कृपया. ही खुर्ची आहे."

तिला वाटत होतं, मी म्हणालो तसंच झालं. तिनं सकाळी एक वाक्य घोकलं, ते कचेरीच्या खिडकीतून कुणाच्या तरी कानावर पडलं आणि माणसं दाराशी आली.

मी ऑलिव्हची बरणी छातीशी धरून धुक्यात उभा राहिलो. आत गेलो की या सगळ्या उठणार, केक झाकून घरी जाणार. आणि शनिवारी ती. शनिवार उलटेपर्यंत मेलेलंच राहावं का, याचा मी गंभीरपणे विचार केला. लाकडाच्या खोपीत झोपता आलं असतं. ऑलिव्ह होते.

शेजारच्या ओतिलिया मावशींनी तिचा हात धरला. या मावशींनी गेल्या चाळीस वर्षांत गावातली एकही मयत चुकवलेली नाही. त्या सावकाश, शब्द सुटे सुटे करून म्हणाल्या, "मुली, काही खाल्लंस का?"

"हो. धन्यवाद. मी बरी आहे. आज हवा चांगली आहे."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"धक्का बसलाय," एक म्हणाली.

"आणि तो गं?" मावशींनी विचारलं. "शेवटी काही बोलला?"

"तो गेला. बसनं. एक वाजता येतो."

कोपऱ्यातल्या एकीनं रुमाल डोळ्यांना लावला.

"या चिठ्ठ्या बघितल्यात का?" दुसरी कुजबुजली. "सगळ्या वस्तूंवर लावल्यात. कुणाला काय द्यायचं ते आधीच लिहून गेला बिचारा."

"अगं, पण खुर्चीवर ‘खुर्ची’ लिहिलंय."

"शिकलेला होता. त्यांचं असंच असतं."

"भोंग्यावरून कचऱ्याचं किती बोलायचा. ओला वेगळा, सुका वेगळा. आता स्वतः कुठल्या डब्यात गेला असेल?"

"मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. पण सकाळी दहाला आता शांतता वाटेल."

मला थंडीनं शिंक येत होती. मी नाक दाबलं.

"खिडकी उघडली का कुणी?" ओतिलिया मावशी एकदम म्हणाल्या. "आत्म्याला बाहेर जायला नको? कोंडून ठेवलात अकरापासून." त्या उठल्या, खिडकीशी आल्या आणि त्यांनी दोन्ही झडपा सताड उघडल्या.

आत्मा बाहेरच उभा होता. तो शिंकला.

मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बरणीकडेही बघितलं.

"आत ये, नाहीतर जायचं तर नीट जा," त्या म्हणाल्या. "गारठा येतोय घरात."

मी आत गेलो. एकही बाई किंचाळली नाही. आमच्याकडे किंचाळत नाहीत. फक्त एकीनं माझ्या आत्म्यासाठी बाजूला काढलेला केकचा तुकडा परत थाळीत ठेवला. मी टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. बटण, दिवा, चिठ्ठी, नवी शिक्षणपद्धती. मग एव्हांथियाला आमच्या मोडक्या इंग्रजीत समजावलं, की तिनं सकाळी नक्की काय वाचलं.

तिचे गाल आधी पांढरे पडले. ती उठली, माझ्याजवळ आली आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला, नाक, कान, सगळं जागच्या जागी आहे की नाही ते. मग हात खाली घेतले.

"म्हणजे या माझं वाक्य ऐकून आल्या नाहीत," ती म्हणाली. "तू मेलास म्हणून आल्या."

मी ऑलिव्हची बरणी केकशेजारी ठेवली.

ती फ्रिजपाशी गेली, तिकीट काढलं आणि हातात धरून बायकांकडे वळली. मग तिनं स्लोव्हाकमध्ये स्वतःचं असं पहिलं वाक्य जुळवलं. कुठल्याही फाईलमधलं नाही. "माफ करा. तो जिवंत आहे. तुम्ही घरी जा."

बायका उठायला लागल्या. झाकणांचे आवाज झाले.

"खाली बसा गं सगळ्या," ओतिलिया मावशी म्हणाल्या. मग एव्हांथियाकडे वळून पुन्हा शब्द सुटे सुटे केले. "तूपण बस, मुली. याच्यासाठी कोण येणार होतं? हा सभेला बोलवायचा तेव्हा आलो का आम्ही? तू एकटी पडलीस म्हणून आलो."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. एव्हांथियानं हातानं मला थांबवलं. ती मावशींच्या ओठांकडे बघत होती.

"मग आधी?" ती म्हणाली. "जून, जुलै, ऑगस्ट?" महिने तिला पाठ होते.

"आधी कशाला येणार? न बोलवता कुणाच्या घरी जायला काहीतरी कारण लागतं. बाळ व्हावं लागतं, नाहीतर डुक्कर कापावं लागतं, नाहीतर कुणी मरावं लागतं. आणि तू दुकानात सारखी नको, नको म्हणायचीस. आम्हाला वाटलं, हिला आम्हीच नको."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी याच गावात जन्मलो. अशा घरभेटींची कारणं मला लहानपणी पाठ होती. पण गेली तीन वर्षं मी गावाच्या भविष्यात होतो, त्यामुळे गावात नव्हतो.

एव्हांथिया खुर्चीवर बसली, ‘खुर्ची’ लिहिलेल्या. आणि रडली. मी वारलो तेव्हा तिला जमलं नव्हतं ते आता जमलं. बायकांना बरं वाटलं. ज्यासाठी आल्या होत्या, ते झालं.

मावशींनी तिच्या हातातला कागद वाकून बघितला. "हे काय?"

"लीस्तोक," ती म्हणाली. उच्चार अगदी बरोबर आला, जोर पहिल्या अक्षरावर.

"शनिवारचं?" मावशींनी चष्मा वर केला. "शनिवारी माझ्याकडे डुक्कर आहे. सॉसेज भरायला माणूस कमी पडतंय."

एव्हांथियानं तिकीट बघितलं, मग मावशींना, मग पुन्हा तिकीट.

"किती वाजता?" तिनं विचारलं.

"पहाटे पाचला. ॲप्रन घेऊन ये. याला आणू नकोस."

तिकीट अजून आमच्या फ्रिजवर आहे, चिठ्ठीसकट. शनिवार उलटून गेला. त्या दिवशी ती रात्री कोपरापर्यंत मिरी आणि लसणाच्या वासाची घरी आली, आणि मी तिला कधीही शिकवले नसते असे सात शब्द शिकून आली.

पण मधल्या शुक्रवारी सकाळी सरपंच हेद्विगाबाईंनी मला बोलावलं. नोकरी गेली, असं धरूनच मी गेलो.

"ब्लाझेय, लोक म्हणतात की कालची बातमी शब्दन् शब्द कळली," त्या म्हणाल्या. "तू बोलतोस तेव्हा कुत्री तेवढी ऐकतात. फार घाईत असतोस. आजपासून माइक तिच्याकडे."

"आणि माझं?"

"तुझं काय? इमरिखनं खणलेल्या खड्ड्यात दफनभूमीतली वाळलेली फुलं आणि हार टाकायचं ठरलंय. तुला कंपोस्ट हवं होतं ना. घे."

तीन वर्षांचा लढा असा यशस्वी झाला. लांबी एक मीटर नव्वद, रुंदी सत्तर सेंटिमीटर. माझ्या मापाचा.

मी जिवंत असल्याच्या जाहीर खुलाशाचा दोन पानी मसुदा रात्री जागून तयार केला होता. त्यात चूक मान्य केली होती आणि शेवटी परस्पर संवादाच्या गरजेवर थोडं लिहिलं होतं. हेद्विगाबाईंनी तो एव्हांथियाला दिला. तिनं पेन्सिल घेतली आणि बराच वेळ खोडत बसली.

दहा वाजता मी खाली रस्त्यावर, खांबाशी जाऊन उभा राहिलो. पोल्का वाजली. एव्हांथियाचा आवाज आला, सावकाश, स्वच्छ. उद्या नऊ वाजता समाजमंदिरासमोर अंडी देणाऱ्या कोंबड्या मिळतील. तपकिरी कुत्रा सापडला आहे, ज्याचा असेल त्याने न्यावा. ब्लाझेय ह्रोन्को, घर क्रमांक एकशे सात, जिवंत आहे.

मी पुढचं ऐकायला थांबलो. भोंगा खरखरला आणि बंद झाला.

वर जाऊन मी तिला म्हणालो, "एकदाच? मी मेलो अकरा वेळा, आणि जिवंत एकदाच? तेही कुत्र्यानंतर?"

तिनं हेडफोन काढून ठेवले.

"तूच तर सांगितलंस," ती म्हणाली. "दहा वेळा म्हणायचं ते कठीण वाक्य. हे सोपं होतं. आणि हे ऐकायला कुणी थांबलं नव्हतं, कोंबड्यांचं झाल्यावर सगळे आत गेले."